अधिक-उणे

दरवर्षी जूनमध्ये मी भविष्यकाळ दुरुस्त करते.
शिरोलीच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर.
खाली भट्टी धडधडत असते
आणि वर माझ्या टेबलावर वार्षिक अहवालाचा चौथा मसुदा,
पान एक्केचाळीस : पुढील वाटचाल.

नेजकर साहेबांची लाल शाई
'वाढेल'चं 'वाढण्याची अपेक्षा आहे' करते,
'सुरू करू'चं 'सुरू करण्याचा मानस आहे'.
मानस कुणाचा, हे विचारायचं नसतं.
शेवटी बारीक टाइपातली चौकट :
ही विधाने भविष्यलक्षी आहेत,
प्रत्यक्ष निष्पत्ती वेगळी असू शकते.
सतरा वर्षं तेच वाक्य, स्वल्पविरामासकट.

मराठीचा तसाही भविष्यकाळावर फार भरवसा नाही.
'असेल' म्हणजे असेलच असं नाही,
आणि 'उद्या काही झालं तर' यातला उद्या
कुठल्याच कॅलेंडरात सापडत नाही.
आमच्या शॉपवर तर तो काळ वापरतच नाहीत.
सोमवारपर्यंत तीनशे ब्लॉक? हुतंय की.
भट्टीचं अस्तर टिकेल? टिकतंय की.
हे मी अहवालात कुठल्या काळात लिहू?

यंदा एक परिच्छेद फार हिंडला,
माझ्याकडून साहेबांकडे, साहेबांकडून मुंबईच्या वकिलांकडे,
आणि प्रत्येक मुक्कामी थोडा झिजला.
निघाला तेव्हा त्यात होतं :
आपण डिझेल इंजिनाचे ब्लॉक ओततो,
ज्या गाडीला इंजिनच नाही तिला ब्लॉक लागत नाही.
परतला तेव्हा :
वाहन उद्योगातील स्थित्यंतराकडे कंपनी संधी म्हणून पाहते.

मंगळवारी शिवगोंडा वर आला, पॅटर्न शॉपचा.
साठ शेअर आहेत त्याच्या नावावर,
इश्यू आला तेव्हा कामगारांना मिळालेले.
पोरगा दहावी झालाय. त्याला आपल्याच लाईनीत घालू का?
"तुमच्या पुस्तकात असंल की, पुढं काय हाय ते."

मला माहीत होतं.
चौथी भट्टी पुढं ढकलायचं घाटतंय
हे मला शुक्रवारपासून माहीत होतं,
आणि जाहीर होईपर्यंत नवऱ्यालाही सांगायचं नाही
असा कायदा आहे. कायदा बरोबरच आहे.
मी म्हटलं, अहवाल येईल, वाचा.
गेल्या वर्षीचा होता तो पुढ्यात सरकवला.

त्यानं नेमकी चौकटच काढली,
ओळीखाली बोट ठेवून वाचली.
"वेगळी असू शकते. म्हंजे किती?"
किती, ते त्यात नसतं.

मग त्यानं खिशातली पट्टी काढली,
स्टीलची, कडा झिजून चकाकणारी.
माझ्या पट्टीशेजारी ठेवली तर तिचा तिसावा आकडा
तीन मिलिमीटर पुढं.
"लोखंड गार होताना आक्रसतंय, शंभराला एक.
म्हणून हिचा सेंटिमीटरच मोठा.
आम्ही आधीच धरून चालतो, मॅडम.
वर ड्रॉइंगवर लिहिलेलं असतंय : अधिक-उणे अर्धा.
नुसतं 'वेगळं असू शकतंय' लिहून माल पाठवला
तर आला त्याच ट्रकनं परत येतोय."
चहा घेतला. पोराचं पुन्हा काढलं नाही.
पट्टी मात्र पुसून खिशात ठेवली.

संध्याकाळी मी झिजलेला परिच्छेद खोडला.
येत्या पाच वर्षांत ब्लॉकची मागणी कमी होईल.
आमचा अंदाज अठरा टक्के,
अधिक-उणे चार.

नेजकर साहेबांनी दोनदा वाचलं.
पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.
नऊ वाजता फाइल प्रेसला जायची होती.
खाली रस ओतायला घेतला होता,
खिडकीच्या काचा नारिंगी झाल्या होत्या.
"'होईल'च्या जागी," ते हळूच म्हणाले,
"निदान 'होऊ शकेल'?"

मी म्हटलं, किती?